पांढरं जळता कामा नये

लग्नाचा सीझन आणि पक्ष्यांचा सीझन एकाच वेळी सुरू होतो, ही माझी जुनी तक्रार. तुळशीची लग्नं लागली की इकडे मंगल कार्यालयांच्या तारखा भरतात आणि तिकडे उजनीच्या पाण्यावर बदकं उतरायला लागतात. माझं पोट लग्नांवर चालतं. बारामतीत छोटा स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, येईल ते काम घेतो. पक्षी हा आधी निव्वळ नाद होता. मग एकदोन दिवाळी अंकांनी फोटो मागितले, कॅलेंडरवाले विचारायला लागले, आणि आता हा नाद आहे की धंदा, हे घरच्यांनाही सांगता येत नाही. रात्री संगणकावर एका खिडकीत नवरीचा चेहरा असतो आणि दुसरीत बगळ्याची मान. नवरीकडच्यांना चेहरा उजळ करून हवा असतो. बगळ्याच्या बाजूने भांडायला कोणी येत नाही, म्हणून तिथे जास्त सांभाळून काम करावं लागतं.

ज्यांना भिगवण फक्त हायवेवरच्या चिलापी फ्रायसाठी माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडा भूगोल. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. पण पाण्याचा फुगवटा मागे पार इंदापूर-दौंडपर्यंत आलेला, भिगवण त्याच्याच काठाला. गावं गेली, काळ्या जमिनी गेल्या. पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही पाणी फार आटलं की वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. जिथे एके काळी ज्वारी उभी होती तिथे आता फुगवट्याच्या कडेला गुडघाभर पाणी आणि खाली मऊ गाळ आहे. रोहित पक्ष्याला, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोला, नेमकं हेच लागतं. तो डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो आणि चोचीतल्या गाळणीने बारीक जीव आणि शेवाळ गाळून खातो. खोल पाणी त्याच्या फारसं उपयोगाचं नाही. म्हणून पाऊस दणकून होऊन धरण काठोकाठ भरलं की शेतकरी खूश आणि आम्ही फोटोवाले तोंड पाडून बसलेले. कालव्यांना पाणी सुटत जातं, पातळी उतरते, चिखलाचे पट्टे उघडे पडतात, तेव्हा कुठे थवे स्थिरावतात. डिसेंबरात पुण्याहून फोन येतात, "फ्लेमिंगो आले का हो?" मी आधी धरणाची टक्केवारी बघतो आणि मग उत्तर देतो.

रोहितांसाठी कुंभारगाव, पट्टकादंब, कुरव, सुरय या पक्ष्यांसाठी डिकसळची बाजू. चित्रबलाकांची घरटी पाहायची तर भादलवाडीचा तलाव, पण ते काम उन्हाळ्याकडचं. थंडीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो; त्याआधी होडीत बसलेलं बरं. पहिला तासभर प्रकाश आडवा आणि मऊ असतो. साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते, आणि त्या थरथरीतून काढलेला लांबचा पक्षी कितीही भारी लेन्स लावा, मऊच येतो. लोकांना वाटतं फोकस चुकला. फोकस बरोबर असतो, मधली हवा आडवी आलेली असते. एवढ्या उन्हात मी कॅमेरा पिशवीत घालतो आणि काठावर चहा पितो.

होडीत ट्रायपॉड कामाचा नाही. होडीचं प्रत्येक हलणं तो सरळ लेन्सपर्यंत पोचवतो. जुन्या जीन्सचा पाय कापून शिवलेली एक पिशवी आहे, त्यात ज्वारी भरलेली. ती होडीच्या काठावर टाकायची, लेन्स तिच्यात रुतवायची आणि आपण होडीच्या तळाशी जवळजवळ आडवं व्हायचं. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला कॅमेरा आला की मागचं पाणी विरघळतं आणि पक्षी सुटा दिसतो. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्यापेक्षा पाणीच जास्त असतं. कपडे ओले होतात, मासळीचा वास दोन धुण्यांनी जात नाही. त्याच संध्याकाळी रिसेप्शनला जायचं असेल तर घरून काय ऐकावं लागतं, ते इथे लिहीत नाही.

माझे नेहमीचे नावाडी वयाने मोठे आहेत, मी त्यांना मामा म्हणतो. मूळचे मच्छीमार, मासा कमी झाला तेव्हा पर्यटकांची होडी हाती आली. थव्यापासून बऱ्याच अंतरावर ते बांबू रोवून थांबतात आणि विचारतात, "उठवू का?"

"नको मामा, चरू द्या."

"बाकीचे तर उठवा म्हणूनच मागं लागत्यात. दोनशे जास्त देत्यात."

हा संवाद तिथे रोज सकाळी होडीहोडीत होतो. रोहित उडाला की पंखांखालचा किरमिजी-गुलाबी आणि काळा रंग उघडतो आणि तो फोटो सगळ्यांनाच हवा असतो, मलाही. पण हा पक्षी जागेवरून सरळ उडत नाही. पाण्यावर धावत जाऊन मग हवेत चढतो, त्याला ताकद लागते. एका सकाळी आठ-दहा होड्यांनी आळीपाळीने थवा उठवला तर त्याने खायचं कधी? आणि खरं सांगायचं तर उठवलेल्या थव्याचा फोटो सहसा वाईटच येतो. सगळे पक्षी होडीकडे पाठ करून पळत असतात. थवा स्वतःहून एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा तो आडवा जातो, माना ताणलेल्या, डोळे दिसतात. वाट पाहायची तयारी हवी, एवढंच. मामांना मी जास्तीचे पैसे न उठवण्याचे देतो. पहिल्यांदा त्यांना ते चमत्कारिक वाटलं होतं. आता ते शेजारच्या होडीवर खेकसतात.

आता पांढऱ्याचं. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या दृश्याला मध्यम करडं समजून प्रकाश मोजतो. गडद हिरव्या पाण्यावर एकटा बगळा असला की मीटर पाण्याकडे बघतो, ते करडं व्हावं म्हणून उजेड वाढवतो आणि बगळा जळतो. तिथे उणे एक स्टॉप, कधी त्याहून जास्त. उलट सूर्यासमोरचं पाणी चकाकतंय आणि पाणकावळा पंख पसरून वाळत बसलाय, तिथे अधिक एक, नाहीतर त्याचा नुसता काळा डाग होतो. हे पुस्तकात सगळीकडे लिहिलेलं असतं, पण होडी फिरली की दर मिनिटाला गणित बदलतं. म्हणून मी पहाटेच बगळा शोधतो. चिखलावर कुठे ना कुठे एखादा उभा असतोच. त्याच्यावर प्रकाश बसवायचा, पांढऱ्यातली पिसं दिसेपर्यंत आकडे खाली आणायचे, मग मॅन्युअलवर ठेवून द्यायचं. त्या प्रकाशात बगळा सांभाळला की चमचा पक्षी, कुरव, रोहित सगळे सांभाळले जातात. शटर रोहितासाठी 1/1600 पुरतं. सुरय सूर मारत असेल तर 1/3200 सुद्धा कमी वाटतं. आयएसओ वाढला तर वाढू द्यावा. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला पक्षी नंतर स्थिर करता येत नाही.

पांढरं म्हणजे एकच रंग, असं लग्नाच्या फोटोत चालून जातं. नवरदेवाचा फेटा सोडला तर पांढऱ्याकडे कोण बघतो? पाण्यावर तसं नाही. बगळा सावलीच्या अंगाला निळसर असतो, कारण तिथे त्याच्यावर आकाशाचा उजेड पडतो. चमच्याच्या छातीवर विणीच्या दिवसांत साईसारखी पिवळसर झाक येते. रोहिताचा पांढरा मुळात पांढरा नाहीच. त्यात फिकट गुलाबी मुरलेला आहे, आणि तो रंग त्याच्या खाण्यातून, कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांतून आलेला. पिल्लं करडी-तपकिरी असतात, रंग चढायला काही वर्षं जातात. थव्यात दोन्ही शेजारी उभे असले की पक्ष्यांचं वय फोटोत वाचता येतं. एका क्लिकवर सगळा थवा गुलाबी केला की ते वय पुसलं जातं.

रात्रीचं काम निवडीपासून सुरू होतं. सकाळभरात कार्डावर हजाराच्या घरात फोटो सहज जमतात, कारण आताचे कॅमेरे सेकंदाला वीस-वीस काढतात. पहिल्या फेरीत मी फक्त डोळा बघतो. डोळा धारदार नसेल तर फोटो गेला, मग बाकी कितीही सुंदर असो. दुसऱ्या फेरीत मान, पंखांची ठेवण, मागच्या पक्ष्याचा पाय नको तिथे घुसलाय का ते. उरतात ते मूठभर. या फेऱ्या मी त्याच रात्री करत नाही. ताज्या फोटोंवर जीव जडलेला असतो. दोन दिवस, मधे एखादं लग्न, मग बसतो.

मी रॉ फाइलच काढतो, त्यामागचा हिशेब पांढऱ्याचाच आहे. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाला 16,384 पायऱ्या असतात, जेपेगमध्ये 256. शिवाय रॉमधल्या निम्म्या पायऱ्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला मिळालेल्या असतात. म्हणजे बगळ्याच्या पाठीवरच्या बारीक बारीक फरकांना भरपूर जागा आहे. मात्र वरची मर्यादा ओलांडली की सगळ्या पिसांच्या जागी एकच आकडा उरतो. हायलाइटची पट्टी खाली ओढली तर सॉफ्टवेअर तिथे करडा रंग फासून देतं. पीस परत येत नाही. रोहितात आणखी एक फसवी जागा आहे. सकाळच्या सोनेरी उन्हात त्याच्या पंखांवरचा लाल चॅनेल एकटाच आधी भरून जातो. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम सगळं ठीक दाखवत असतो आणि घरी आल्यावर पंखाचा किरमिजी भाग सपाट, पिसांविना दिसतो. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे दाखवायची सोय कॅमेऱ्यात चालू ठेवावी. ती मेनूत खोल कुठेतरी असते, शोधा.

मग पट्ट्या ओढायचं काम. क्षितिज सरळ करणं पहिलं, कारण पाणी तिरकं झालेलं अर्ध्या अंशानेही डोळ्याला खुपतं. व्हाइट बॅलन्स मी थोडा गार ठेवतो. ऑटोवर सोडलं तर कॅमेरा पहाटेचा पिवळेपणा धुऊन टाकतो आणि हाताने वाढवत बसलं तर बगळा हळद लावल्यागत दिसतो. धुरकटपणा काढणारी डिहेझची पट्टी सगळ्यांची आवडती. इकडे ऊस तुटला की रानोरान पाचट जळतं, संध्याकाळी त्या धुराचा एक आडवा थर पाण्यावर पसरतो. तो पूर्ण काढला तर मागची टेकडी एकदम अंगावर येते आणि फोटो भर दुपारचा वाटतो. मी थोडा धूर राहू देतो. त्या संध्याकाळी तो होता.

प्रतिबिंबाला हात लावायचा नाही, हा माझा सगळ्यात कडक नियम. पाण्यावर पडणारा सगळा उजेड परत येत नाही, थोडा आत जातो. म्हणून पांढऱ्या पक्ष्याचं प्रतिबिंब त्याच्यापेक्षा जरा मंद असतं. लोक ते उजळून पक्ष्याच्या बरोबरीला आणतात. त्याहून पुढची मंडळी पक्षीच कापून उलटा चिकटवतात आणि खाली दोन लाटा ओढतात. हे ओळखणं अगदी सोपं आहे. पाण्यातला पक्षी आपल्याला खालच्या बाजूने दिसतो. वर त्याची पाठ दिसत असेल तर खाली पोटाचा भाग जास्त दिसला पाहिजे. दोन्हीकडे हुबेहूब तीच पिसं दिसली तर ते पाणी संगणकातलं समजावं.

दाणे कमी करायला आता एआयवाली सॉफ्टवेअर आली आहेत. मी वापरतो. आयएसओ 3200 ची फाइल पूर्वी टाकून द्यावी लागायची, ती आता छापता येते. पण जवळून बघायची सवय ठेवा. पट्टकादंबाच्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असतात, या पक्ष्याची तीच ओळख. जवळच्या फोटोत त्या पट्ट्यांची कड पिसापिसाने तुटत गेलेली दिसते, काळ्यात पांढरं आणि पांढऱ्यात काळं जरासं घुसलेलं. लांबच्या, दाणेदार फोटोवर सॉफ्टवेअर सोडलं की ती कड स्वच्छ होते, आणि गालावर अशी पिसं उगवतात जी त्या अंतरावरून कोणत्याही लेन्सला दिसली नसती. सुंदर असतात. पण ती त्या पक्ष्याची नसतात. तिथे मी पट्टी मागे घेतो आणि दाणे राहू देतो.

आता वादाचा विषय: काय काढायचं? एका कॅलेंडर छापणाऱ्याने माझा रोहितांचा फोटो निवडला आणि निरोप पाठवला, पाणी निळं करा, मागची जाळी आणि त्या बाटल्या काढा. मच्छीमार जाळ्याला तरंगायला रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधतात, त्या फोटोत आल्या होत्या. काम दोन मिनिटांचं होतं. वधूच्या मागून विजेचा खांब काढतो तसं. मी केलं नाही आणि ती ऑर्डर गेली. लग्नात मी खांब काढतो, डोळ्याखालची काळी वर्तुळं काढतो, एकदा तर रुसून निघून गेलेल्या आत्यांना ग्रुप फोटोत बसवून दिलंय. त्या अल्बममध्ये घरच्यांना आपला दिवस जसा आठवायचा आहे तसा हवा असतो, आणि त्यात कोणाचं नुकसान नाही. उजनीचं पाणी हिरवं आहे ते कॅमेऱ्यामुळे नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून इथवर येतं, त्यावर शेवाळ माजतं, जलपर्णी पसरते. मी ते निळं केलं तर कॅलेंडर बघणाऱ्याला भिगवणला सगळं छान चाललंय असं वाटेल. बाटली असलेला फोटो कमी विकला जातो, पण त्यात त्या वर्षीचं पाणी आहे. स्पर्धांनाही आता हे कळलंय: लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'सारख्या स्पर्धेत वस्तू घालणं किंवा काढणं चालत नाही, आणि पुढच्या फेरीत मूळ रॉ फाइल मागतात.

छपाईबद्दल थोडंच. पडद्यावर पांढरं म्हणजे उजेड, कागदावर पांढरं म्हणजे शाई नाही. बगळ्याच्या पाठीवर तीन-चार टक्के तरी ठिपका धरला नाही तर तिथे कोरा कागद दिसतो, आणि पक्ष्याला भोक पडल्यासारखं होतं. रोहिताचा गुलाबी छपाईच्या चार शाईंत हमखास मळतो; तो आधी पडद्यावर सीएमवायकेमध्ये तपासून घ्यावा, नाहीतर छापखान्याशी भांडण ठरलेलं. ए-फोर आकाराला 300 डीपीआयने 3508 बाय 2480 पिक्सेल लागतात, म्हणजे 24 मेगापिक्सेलच्या फाइलमधून क्रॉप करायला बरीच मोकळीक आहे, पण ठिपक्याएवढा पक्षी क्रॉप करून पानभर करायचा हट्ट धरू नये.

माझ्या संगणकात प्रत्येक फोटोच्या आत पक्ष्याचं नाव, जागा, तारीख भरलेली असते. मराठी नावासाठी मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' शेजारी असतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचे पैसे कोणी देत नाही, पण फोटोचा पुढे काही उपयोग झाला तर यामुळेच होतो. जाळी कधी कुठे होती, कोणत्या वर्षी पट्टे उशिरा उघडे पडले, करडी पिल्लं थव्यात किती होती, हे सगळं जुन्या फाइली उघडल्या की सापडतं, फक्त आपण ते पुसलेलं नसावं लागतं.

भिगवणला जाणार असाल तर होडीत पाय ठेवण्याआधी नावाड्याला सांगा, "उठवायचे नाहीत," आणि त्याचे पैसे त्यासाठी कमी करू नका. कुरवांना शेव-फरसाण टाकू नका. आणि पट्टकादंबांचा थवा दिसला तर एकेकाची मान आणि पाय मोठे करून बघा. मंगोलियात मानेला पट्टा बांधलेले पट्टकादंब भारतात सापडले आहेत. पायात रंगीत कडीही असू शकते. अक्षरं-आकडे वाचता आले तर फोटो धारदार नसला तरी चालेल, त्याला कसलीही पट्टी न लावता जागा आणि तारखेसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवा.